तिची सहज चाल, तुमची शर्यत

‘मी आणि माझी मैत्रीण अठरा आठवड्यांनी ५० किलोमीटरची ट्रेल शर्यत, म्हणजे डोंगरवाटांवरची, धावणार आहोत. एकूण चढ २,२०० मीटर, कट-ऑफ म्हणजे संपवायची मुदत १२ तास, वाटेत खाण्यापाण्याची पाच एड स्टेशन. हाफ मॅरेथॉनच्या पुढे दोघींनीही कधी मजल मारलेली नाही. आठवड्यातले चारही दिवस आम्ही बरोबरच धावतो. सपाटीवर तिचे १० किलोमीटर ५२ मिनिटांत होतात, माझे ६६. ती म्हणते, “आज आरामात जाऊ,” आणि मला बोलायलाही दम उरत नाही. चढावर मी मागे पडते, ती वर थांबून राहते. उतारावर मात्र मी तिच्यापेक्षा चपळ आहे, तिथे तिला गाठते. गेल्या महिन्यात २० किलोमीटर आणि ९०० मीटर चढाचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातली सर्वांत लांब धाव, ४ तास ५ मिनिटांत केला. तेव्हापासून गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतंय, जिने उतरताना जास्त. अडीच-तीन तासांनंतर मळमळतंही. ती एनर्जी जेल (गोड, घट्ट रसाची पुडी) घेते तेव्हाच, दर पाऊण तासाने, मीही एक घेते. शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबरच धावायची, असा तिचा हट्ट आहे. सराव वेगवेगळा करू म्हटलं तर तिला वाईट वाटेल. काय करू? — मागे राहणारी’

तुमच्या पत्रातले दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मं उत्तर तिथेच मिळतं. १० किलोमीटर ६६ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं ३६ सेकंद. ही तुमची जीव तोडून धावण्याची चाल. ५२ मिनिटांत १० किलोमीटर करणाऱ्या धावपटूची आरामाची चाल साधारण ६:२० ते ६:५० असते. म्हणजे मैत्रीण ‘आरामात’ म्हणते ते खरंच आहे, आणि त्याच वेळी तुम्ही आठवड्यातून चार वेळा शर्यत धावताय, हेही खरं आहे. धाप, गुडघा आणि मळमळ या तीन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ बरंचसं इथेच आहे.

सपाटीवर तुमची आरामाची चाल ७:४५ ते ८:१५ असायला हवी. घड्याळापेक्षा बोलून पाहणं जास्त खात्रीचं: न थांबता, मध्ये श्वास न घेता आठ-दहा शब्दांचं वाक्य पूर्ण होतंय का? होत नसेल तर चाल जास्त आहे, मग घड्याळ काहीही म्हणो. लांब शर्यतीची सगळी बैठक या हळू धावण्यावर उभी राहते. स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढणं, चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याची सवय लागणं, ही कामं या चालीवर होतात आणि दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा धावायला तयार असतात. रोज मधल्याच जोरात धावलं की शरीर थकतं भरपूर, पण ना ही बैठक तयार होत ना खरा वेग वाढत.

हे सगळं तुमच्याच भल्यासाठी सांगतोय असंही नाही. दर चढाच्या माथ्यावर पाच मिनिटं उभी राहणारी मैत्रीणही सराव करत नाहीये. घाम वाळतो, पाय आखडतात, तिचा चार तासांचा लाँग रन म्हणजे वीस तुकडे होतात. त्यामुळे विषय काढताना ‘मला झेपत नाही’ अशी सुरुवात करू नका. आकडे दाखवा आणि सरळ सांगा, ‘तुझी सहज चाल ही माझी शर्यतीची चाल आहे, असं दोघींचंही नुकसान होतंय. आपण चारातले दोन दिवस बरोबर ठेवू, पण नीट ठरवून.’ वाईट वाटलंच तर पंधरा दिवस वाटेल.

वेगळे ठेवायचे ते आठवड्याच्या मधले दोन आरामाचे दिवस, ४५ ते ६० मिनिटांचे. उरलेले दोन दिवस बरोबरचे: एक चढाच्या फेऱ्यांचा, एक लाँग रनचा. पण बरोबर याचा अर्थ खांद्याला खांदा लावून असा नाही. अंतर एक ठेवू नका, वेळ एक ठेवा. सगळी युक्ती यातच आहे.

चढाच्या फेऱ्या अशा करा. एकच चढ निवडा, १० ते १५ टक्क्यांचा. पंधरा मिनिटं गरम झाल्यावर दोघी पायथ्यापासून एकदम निघा, ३ मिनिटं जोरात वर, वेळ संपली की शिट्टी. शिट्टी झाली की जी जिथे असेल तिथून वळून हळू खाली. ती तुमच्यापेक्षा ८०-१०० मीटर वर असेल, असू दे. दोघी पायथ्याशी आल्या की पुढची फेरी. पहिल्या आठवड्यात ५ फेऱ्या, पुढे ८ पर्यंत. तिला खाली यायला थोडा जास्त वेळ लागतो, तेवढी विश्रांती तुम्हाला जास्त मिळते. त्यात फसवणूक काही नाही.

ज्या आठवड्यात लाँग रन ओळखीच्या, सुरक्षित वाटेवर असेल, तेव्हा जा-ये पद्धत वापरा. एकत्र निघायचं, आपापल्या चालीने जायचं आणि ठरलेल्या वेळी, समजा ९० मिनिटांनी, दोघींनीही असाल तिथून मागे फिरायचं. ती पुढे गेलेली असते म्हणून परतीला तुमच्या मागे असते, आणि निघाल्या ठिकाणी दोघी जवळजवळ एकाच वेळी पोहोचता. याचा आणखी एक फायदा: परतताना वेगवान धावपटू मागून येत असल्याने कुणी वाटेत एकटं अडकून राहत नाही. एक पथ्य मात्र पाळा. वळण्याची वेळ म्हणजे वेळ. ‘तो पुढचा माथा गाठून वळते’ असं केलं की गणित मोडतं.

अनोळखी किंवा अवघड वाटेवर मात्र नजरेच्या टप्प्यात राहा, आणि पुढे तुम्ही असा. चढावर मागचा माणूस पुढच्याला नकळत रेटतो हे खरं, पण त्याहून वाईट म्हणजे वेगवान जोडीदाराने सतत अर्धं पाऊल पुढे राहणं. हेतू वाईट नसतो. पण शेजारचा ते अर्धं पाऊल भरून काढायला जातो आणि दोघांचीही चाल चढत राहते. हळू धावणाऱ्याला पुढे ठेवलं की हा खेळच संपतो. तिला कमी पडतंय असं वाटलं, तर मोठ्या चढावर तिने १० मिनिटं आपल्या चालीने वर जावं, वळून तुमच्यापर्यंत खाली यावं आणि पुन्हा तुमच्याबरोबर चढावं. माथ्यावर ताटकळण्यापेक्षा तिच्या पदरात दीड-दोनशे मीटर जादा चढ पडतो.

चढ धावण्याचा हट्ट दोघींनीही सोडा. साधारण १५ टक्क्यांच्या पुढे बहुतेक हौशी धावपटूंना झपाझप चालणं धावण्याइतकंच वेगवान पडतं आणि दम कमी लागतो. हात मांड्यांवर, पाऊल छोटं, कंबरेत न मोडता घोट्यापासून थोडं पुढे झुकायचं. हे चालणं म्हणजे हार नव्हे, तो वेगळा सराव आहे. दर आठवड्याला ३० ते ४० मिनिटं सलग चढ चालून त्याची सवय करा. पोल (चढताना टेकायच्या काठ्या) वापरणार असाल तर शर्यतीत परवानगी आहे का ते आधी पाहा, आणि किमान आठ आठवडे आधीपासून वापरा. सवय नसेल तर पायांआधी दंड आणि खांदेच बोलायला लागतात.

आता गुडघा. तुम्ही उतारावर चपळ आहात हे मान्य, पण पत्रात एक वाक्य आहे: ‘तिथे तिला गाठते.’ चढावर गेलेलं अंतर उतारावर वसूल करायचं म्हणजे दमलेल्या मांड्यांनी लांब ढांगा टाकत उतरायचं. ढांग लांब झाली की पाऊल शरीराच्या पुढे पडतं, गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि प्रत्येक पाऊल ब्रेक बनतं. हा सगळा भार मांडीच्या पुढच्या स्नायूवर आणि गुडघ्याच्या वाटीवर येतो. जिने उतरताना पुढून दुखणं ही त्याचीच नेहमीची खूण. उपाय म्हणजे पावलं छोटी आणि भरभर, मिनिटाला १७० च्या पुढे. मागे रेलायचं नाही. नजर पायांकडे नाही, तीन ते पाच मीटर पुढे.

त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा पंचवीस मिनिटांचा ताकदीचा व्यायाम. १५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच ३ सेकंदांत हळूहळू जमिनीला टेकवायची आणि वर यायचं. प्रत्येक पायाने ८ वेळा, असे ३ सेट. गुडघा आत वळू द्यायचा नाही, म्हणून आरशासमोर करा. एका पायावर टाच उचलणं १२ वेळा, ३ सेट, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. पोटरीचे दोन वेगळे स्नायू आहेत. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं ३० ते ४५ सेकंद, ५ वेळा. दुखण्याला १० पैकी गुण द्या. धावताना ३ पर्यंत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबत असेल तर सराव चालू ठेवा, उतार अर्ध्यावर आणा. सूज, गुडघा अडकणं किंवा अचानक सुटल्यासारखा वाटणं, यांपैकी काहीही दिसलं तर फिजिओथेरपिस्टकडे जा, आमच्या उत्तराच्या भरवशावर राहू नका.

उतारात शिकवण्यासारखं तुमच्याकडे काहीतरी आहे, ते मैत्रिणीला द्या. तिने तुमच्या मागे पाच मीटर अंतर ठेवून उतरावं. त्याहून जवळ आलं की पुढचे दगड दिसत नाहीत आणि पहिली घसरली तर दुसरी तिच्यावरच पडते. उताराचा मार खाल्लेल्या मांड्या एक ते तीन दिवस दुखतात, पण नंतरचे काही आठवडे त्याच माराला कमी दुखतात. म्हणून दर दोन आठवड्यांनी एक लांब उतार हवाच. गुडघा शांत झाल्यावर तुम्हालाही. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या साधारण दोन आठवडे आधी.

मळमळीचं कारण जेल असेल, पण एकटं जेल नाही. जोरात धावताना रक्त पायांकडे वळतं आणि पोट-आतड्यांना कमी मिळतं. त्यात पडलेलं गोड पुढे सरकत नाही, तिथेच साचतं. चाल खाली आली की निम्मी मळमळ जाईल. उरलेल्यासाठी: जेल घेतल्यावर पाच-सहा मोठे घोट साधं पाणी, वर एनर्जी ड्रिंक नको, कारण दोन गोड एकत्र झाले की मिश्रण पोटाला फार घट्ट होतं. सध्या तुम्ही पाऊण तासाला साधारण २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट घेताय, म्हणजे तासाला ३३ ग्रॅम. अकरा-बारा तासांना हे कमी पडेल. तासाला ४० पासून सुरू करून दर आठवड्याला ५ ग्रॅमने ६० पर्यंत न्या, आणि एकदम घेण्याऐवजी दर २० मिनिटांनी थोडं थोडं. पोटालाही सराव लागतो. चौथ्या तासानंतर गोडाचा वीट येतो, तेव्हा उकडलेला बटाटा आणि मीठ यांसारखं काहीतरी खारं हाताशी असू द्या. तेही आधी लाँग रनला चाखलेलं.

पाण्याचा हिशोब मैत्रिणीकडे पाहून करायचा नाही. एक तास धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. वजन ०.७ किलोने उतरलं आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर तासाचा घाम एक लिटर. तो सगळा भरून काढायचा नसतो. तहानेप्रमाणे प्या, बहुतेकांचं तासाला ४०० ते ८०० मिलिलिटरमध्ये भागतं. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पुरे. कित्येक तास धावूनही वजन वाढलं, बोटांत अंगठी घट्ट झाली आणि डोकं दुखायला लागलं, तर पाणी जास्त झालंय, कमी नाही. रक्तातलं सोडियम घसरणं हे जिवावर बेतू शकतं. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं शर्यतीत घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर ताण आणतात.

अठरा आठवडे पुरेसे आहेत, उधळपट्टी केली नाही तर. लाँग रन किलोमीटरमध्ये नव्हे, तास आणि चढाच्या मीटरमध्ये मोजा. शर्यतीत किलोमीटरमागे ४४ मीटर चढ आहे; तुमची २० किलोमीटर-९०० मीटरची वाट त्याला अगदी जुळते, ती सोडू नका. पहिले सहा आठवडे लाँग रन अडीच ते साडेतीन तास. सातव्यापासून हळूहळू पाच तासांपर्यंत. नवव्या, अकराव्या आणि तेराव्या आठवड्यात शनिवारी तीन तास आणि रविवारी दमलेल्या पायांनी दोन तास. एका दिवसात सहा तास रेटण्यापेक्षा हे दुखापतीच्या दृष्टीने स्वस्त पडतं. चौथा, आठवा, बारावा आठवडा हलका, नेहमीच्या दोन-तृतीयांश. सर्वांत लांब धाव, साडेपाच ते सहा तासांची, पंधराव्या आठवड्यात, पूर्ण सामानासह आणि शर्यतीचेच बूट-मोजे घालून. मग उतरंड: सोळाव्यात तीन-चतुर्थांश, सतराव्यात निम्म्याच्या थोडं वर, शेवटच्या आठवड्यात ३०-४० मिनिटांच्या दोन-तीन धावा, त्यात एकेका मिनिटाचे चार-पाच वेगवान तुकडे. या दिवसांत पाय जड वाटतात आणि ‘एक शेवटचा लाँग रन’ मारायची हुक्की येते. दोघींपैकी एकीला आली की दुसरीने अडवायचं. जोडीदार असण्याचा हा सर्वांत मोठा उपयोग असावा.

उरला तो ‘शेवटपर्यंत बरोबर’चा हट्ट. त्यालाही गणितच लावू. ट्रेलवर दर १०० मीटर चढ म्हणजे एक जादा किलोमीटर धरतात. तुमचा लाँग रन २० अधिक ९, म्हणजे २९. २४५ मिनिटांना २९ ने भागलं की ८ मिनिटं २७ सेकंद. शर्यत ५० अधिक २२, म्हणजे ७२. अडीचपट अंतरावर चाल टिकत नाही, म्हणून १० ते १५ टक्के वाढवा: ११ तास ९ मिनिटं ते ११ तास ४० मिनिटं. पाच एड स्टेशनांवर चार-चार मिनिटं थांबलात तर आणखी २० मिनिटं. कट-ऑफ १२ तास. अठरा आठवड्यांत चाल सुधारेल, पण आजच्या घडीला हे अगदी काठावरचं आहे. मैत्रीण ९ ते १० तासांत संपवू शकेल. ती तुमच्याबरोबर राहिली तर दोन-अडीच तास जास्त पायांवर असेल, तेवढं जास्त खाणं-पाणी तिला लागेल, आणि अंधार पडत असेल तर दिवाही. तिला हे चालत असेल तर जरूर बरोबर धावा. चालणार नसेल तर तिला अपराधी वाटू देऊ नका. २०१६ च्या हार्डरॉक १०० या अमेरिकेतल्या १०० मैलांच्या डोंगरी शर्यतीत किलियन जोर्नेट आणि जेसन श्लार्ब यांनी बरोबरच शर्यत संपवून पहिला क्रमांक वाटून घेतला. पण ते दोघेही आघाडीचे धावपटू होते.

सगळ्यात वाईट पर्याय तिसरा: काहीच न ठरवता निघणं. मग पहिल्या १५ किलोमीटरमध्ये तुम्ही तिच्या चालीने धावता आणि ३५ व्या किलोमीटरला तीच तुमच्यासाठी थंडीत उभी असते. म्हणून हे आधी कागदावर लिहा. पहिल्या तीन तासांची चाल तुमची. तिसऱ्या एड स्टेशनवर निर्णय. तिथल्या कट-ऑफच्या ४५ मिनिटं आधी पोहोचलात तर बरोबर राहायला वाव आहे, नसेल तर तिने निघावं. ‘तू जा’ एकदाच म्हणायचं, आणि त्याचा अर्थ ‘तू जा’ एवढाच घ्यायचा. थांबायचं ते एड स्टेशनवरच, पाच मिनिटं, उघड्या वाटेवर नाही. आणि हळू पडणं वेगळं, आजारी पडणं वेगळं. थांबतच नसलेल्या उलट्या, असंबद्ध बोलणं, पाय टेकवता न येणं, यांपैकी काहीही असेल तर सोबत सोडायची नाही, मदत येईपर्यंत. दर पाच मिनिटांनी ‘ठीक आहेस ना?’ विचारू नका, उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘शेवटचं काय आणि कधी खाल्लंस? लघवी कधी झाली?’ असं विचारा.

वेगळं व्हायची शक्यता असल्यामुळे सामान वाटून घेऊ नका. जॅकेट, हेडलॅम्प, इमर्जन्सी ब्लँकेट, शिट्टी, पाणी, जेल प्रत्येकीचं स्वतःचं. संकटाची शिट्टी मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटात तीन वेळा. नियमपत्रिकेत बाहेरच्या मदतीचं कलम शोधून वाचा. २०१८ च्या हार्डरॉकमध्ये आघाडीवरच्या धावपटूला एड स्टेशनच्या बाहेर मित्रांकडून पाणी आणि बर्फ घेतल्यामुळे बाद केलं होतं. स्पर्धकांनी एकमेकींना मदत करण्याबद्दल नियम काय म्हणतात तेही पाहा, आणि नोंदणी जोडीच्या गटात असेल तर वेगळं होणंच चालणार नाही.

या हिशोबात एक आकडा अजून अंदाजाचाच आहे, तो मैत्रिणीचा. तुमच्या शेजारी धावून तिची खरी वेळ कळत नाही. गुडघ्यामुळे या आठवड्यात तुम्ही तसाही उतार कमी करणार आहात, तर शनिवारी तिला तोच २० किलोमीटरचा रस्ता आपल्या चालीने धावू द्या. तुम्ही सपाटीवर दोन तास ८:०० च्या चालीने. संध्याकाळी तिची मिनिटं २९ ने भागा, ७२ ने गुणा, तेच १० ते १५ टक्के वाढवा, आणि मगच बोलायला बसा.